कचेरीची वाडी

अंबाजीला कोकिळावहिनीबद्दल खरं तर फार थोडं ठाऊक होतं. दोघांच्या घरांमध्ये एकच दगडी गडगा, तोही कमरेएवढा, आणि तरी तिचं माहेर म्हसळ्याकडलं की श्रीवर्धनकडलं, हे त्याला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नसतं. अलिबागच्या कोर्टात शिपाई म्हणून आयुष्य गेलेला माणूस. विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय लागलेली. नवरा गेल्यावर ती लोकांच्या वाड्यांत सुपारी सोलायला जायची, मुलगी मनाली पालीला दिलेली, आणि माडवाडीला स्वतःची ग्रामपंचायत मिळावी म्हणून ती झगडत होती. एवढंच त्याला माहीत होतं.

पंचायत तीन वस्त्यांची मिळून एक. वरचं गाव, खालचं गाव आणि मधे माडवाडी. कचेरी माडवाडीत, कारण जागा वाडीनं दिली होती. पाण्याची टाकीही वाडीतच. पण प्रभाग पाडताना वाडीचे दोन तुकडे झाले. अर्धी घरं वरच्या गावाला जोडली, अर्धी खालच्या. त्यामुळे वाडीतला माणूस कधी सदस्य झाला नाही. मागं एकदा वादळात छपरं उडाली, तेव्हा सरकारी ताडपत्र्यांचा टेम्पो कचेरीपाशीच उतरला. वाडीच्या पोरांनीच गठ्ठे उचलून आत ठेवले. मग सदस्य आले, आपापल्या गावाला घेऊन गेले, आणि वाडीच्या उघड्या छपरांवर महिनाभर माडाची झापं राहिली. तेव्हापासून कोकिळा वेगळ्या पंचायतीचं बोलू लागली.

"कचेरी तुमच्या दारात हाय," खालच्या गावचा मोरू तिला म्हणायचा. "आनखी काय राज्य पायजे?"

"दारात हाय म्हनून तर झाडावी लागते," ती म्हणायची.

कधीकधी ती बातम्या ऐकायला अंबाजीच्या ओटीवर येऊन बसे. एकदा टीव्हीवर दिल्लीला पूर्ण राज्याचा दर्जा द्यावा की नाही यावर चर्चा चालली होती. तिनं विचारलं, तेव्हा अंबाजीनं जमेल तसं सांगितलं: तिथं सरकार निवडून येतं, पण पोलीस आणि जमीन केंद्राच्या ताब्यात.

"म्हंजे आमच्यावानीच."

"सगळ्या देशाची राजधानी आहे, वहिनी. एकट्या तिथल्या लोकांच्या हाती कशी देणार?"

"राजधानी हलवा कोन म्हनतंय, भावजी? ऱ्हाऊ दे की. पन तिथं मानसं बी ऱ्हातात ना?"

दोन्ही बाजू अंबाजीला थोड्या थोड्या खऱ्या वाटत. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

गेल्या ऑगस्टच्या ग्रामसभेत वेगळ्या पंचायतीचा ठराव यायचा होता. दोन्ही गावांतली निम्मी माणसं मुंबईला. सभेला येतात ती मोजकीच. वाडी घरं रिकामी करून सभेला बसली तर ठराव होण्यासारखा होता. अडचण एकच होती. कचेरी बांधली तेव्हा वाडीच्या जुन्या माणसांनी ठरवलं होतं की कामासाठी आलेला माणूस आपल्या अंगणातला पाहुणा. तेव्हापासून सभेचा चहा वाडीच्या बायका करत. कुणी सांगत नसे, कुणी पैसे देत नसे.

आदल्या दिवशी कोकिळा घरोघर फिरली. "उद्या कोनी उठायचं न्हाय. चहा सभा झाल्यावर. कोन काय बोलेल ते बोलू दे." बायकांनी माना डोलावल्या. तरी दूध घेऊन ठेवलंच होतं.

सभेला बायका भिंतीशी रांगेत बसल्या. अंबाजीही कोपऱ्यात होता. तासभर सगळं बरं चाललं. मग वरच्या गावचे बाळाजी आले. ऐंशीच्या पुढचे, ठरावाच्या विरोधातले, चढ-उताराचा रस्ता उन्हातून चालत आलेले. खुर्चीत बसले आणि खोकल्यानं बेजार झाले. इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, "पानी हाय का गं कुनाकडं?"

कोकिळा उठली.

तिच्या मनात तेवढंच होतं, पाणी द्यायचं आणि परत यायचं. पण ती उठली म्हणजे चहाची वेळ झाली, हे इतक्या वर्षांचं वळण. तिच्यामागे नूतन उठली, ठमी उठली, मग म्हाताऱ्या सोडून सगळीच रांग उठली. शेजारच्या पडवीत स्टोव्ह पेटले. इकडे सभेत ठराव वाचला गेला. सरपंच म्हणाले, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." अंबाजीनं हात वर केला. वाडीतल्या पुरुषांनीही केला, पण भिंतीशी दोन-चार म्हाताऱ्या सोडल्या तर कुणी नव्हतं. बायका कपांचे ट्रे घेऊन दारात पोचल्या तेव्हा ग्रामसेवक विरोधातले हात मोजत होता.

ठराव पडला.

"ट्रे ठेवून हात वर करायचा व्हता की, कोकिळाबाय," मोरू हसत म्हणाला.

"कुठं ठेवू? टेबल तुमच्याकडं हाय."

लोक हसले. तीही थोडी हसली. मग तिनं सगळ्यांना चहा दिला. अंबाजीपाशी आली तेव्हा त्याला कप घ्यावासा वाटेना; तिनं तो हातात ठेवला आणि पुढे गेली.

वाडीत तिला कुणी बोल लावला नाही. तिनंच नूतनला एकदा सांगितलं, "मीच उठले. पन मानूस खोकत व्हता गं." त्यानंतर ती अंबाजीकडे बातम्यांना आली नाही. संध्याकाळी पायरीवर बसून राही. दिवाळी झाल्यावर मनाली न्यायला आली, म्हणाली, आई, आता तिकडंच राहा, मतदार यादीतलं नावही हलवून घेऊ. डिसेंबरात पालीहूनच कोकिळा गेल्याचा फोन आला. झोपेत गेली म्हणे.

दिवाळीनंतर ती पालीला निघाली त्या सकाळी अंबाजी तिची पिशवी घेऊन एसटीपर्यंत गेला होता. मनाली पुढे चढून बसली. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं वहिनीला विचारलं, "यादीतलं नाव नेताय काय तिकडं?"

"न्हाय. हितंच ऱ्हाऊ दे."

"बरं."

"फुडची सभा कधी हाय?"

"सव्वीस जानेवारीला."

"कळवा मग. पैल्या गाडीनं येईन."

"कळवतो," अंबाजी म्हणाला.