अर्लीनमावशीची उघडी गाणी

डेट्रॉइटच्या आमच्या गल्लीत इंटरनेट आम्हीच आणलं, छपराछपरावर अँटेना ठोकून. कंपन्यांनी आमच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती.

अर्लीनमावशीचा जुना कॉम्प्युटर तेवढा जोडायचा राहिला होता. तिचा नवरा लमार गेला, पण चर्चमध्ये गायलेली त्याची गाणी त्या डब्यातच होती. डबा आता घरघरायला लागला होता, म्हणून गाणी नेटवर्कवरून तिच्या लॅपटॉपवर घ्यायची होती.

"एक जरी गाणं पुसलं गेलं तर तंगडी मोडीन तुझी," ती म्हणाली.

"मावशी, अख्खी गल्ली जोडलीय मी," मी फणकारलो आणि केबल खोचली.

गाणी निम्मीही उतरली नव्हती, तोच समोरचा रूफस बोंबलत अंगणात आला. "अर्लीन! तुझा लमार माझ्या कॉम्प्युटरवर दिसतोय! सगळी गाणी उघडी!"

जुना डबा नेटवर्क घरचंच समजून जोडलेल्या प्रत्येकापुढे सगळं उघडं टाकतो, आणि आमच्याकडे घर म्हणजे अख्खी गल्ली. कुणीही एका बोटानं सगळं पुसलं असतं.

मी केबल उपटायला झेपावलो. तेवढ्यात डबा करकरला. मावशीनं माझं मनगट धरलं.

"थांब! गाणी उतरायच्या आत हा डबा मेला तर?" मग ती खिडकीतून ओरडली, "रूफस, बघत काय उभा राहिलास, मेल्या! उतरवून घे! सगळ्यांना सांग, उतरवून घ्या म्हणावं!"

रूफस धावला. करकर वाढतच होती. मी लॅपटॉपवर उतरलेली गाणी मोजत राहिलो.

अखेर समोरच्या खिडकीतून लमार गाऊ लागला. मावशीनं माझं मनगट तरीही सोडलं नाही.