गंधकाच्या डोंगरावरचं अळीव

“सर, हा ज्वालामुखी आहे की सिंहगड?” प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं.

मॉडेलवरचं ओलं पोतं मी नुकतंच उचललं होतं. डोंगरावर, विवरात, सगळीकडे हिरवंगार अळीव उगवलं होतं. काठावर तलवारी उपसलेले मावळे उभे होते.

“उद्या सकाळी उद्घाटन आहे. जमणार नसेल तर तो कोपरा कॉम्प्युटरवाल्यांना देते. त्यांचा रोबो तयार आहे,” असं म्हणून त्या गेल्या.

कर्वेनगरच्या या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवायचो. निवृत्तीनंतर इथलं छोटं म्युझियम बघतो. कोपरा होता पूर्व जावातल्या गंधकाच्या खाणीचा. भिंतीवरचे फोटो माझ्या पत्नीने, नलिनीने काढलेले. तिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. हे फोटो लोकांना दाखवायचे हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आता ते काम माझ्याकडे राहिलं होतं.

पुण्याचा काळा खडकही ज्वालामुखीचाच. पण तो केव्हाच निवला. जावातला अजून धुमसतो. तिथे खाण म्हणजे बोगदा नाही. विवराच्या भेगांतून गंधकाची वाफ येते. पूर्वी भेगांच्या तोंडाशी साचेल तेवढाच गंधक मिळायचा. मग लोकांनी भेगांवर पाइप बसवले. पाइपात वाफ निवते, लालसर रस गळतो आणि थिजून पिवळा होतो. माणसं पहारीने त्याच्या लाद्या फोडतात आणि कावडीने वर आणतात. त्या धुरात गवताची काडी टिकत नाही.

मॉडेल हडपसरच्या सलीमभाईंनी केलं होतं. दिवाळीत ते सोसायट्यांना किल्ले बांधून देतात. मी फोन केल्यावर ते लगेच आले.

“सलीमभाई, हे अळीव कशाला?”

“अहो सर, डोंगर म्हटल्यावर अळीव नको? बोडका कसा देणार? लोक नावं ठेवतील.”

“हा बोडकाच आहे.”

“मग उपटतो सगळं.”

मी फोटोंकडे पाहिलं. बाहेरचा उतार दाट हिरवा, काठाशी करपलेली झाडं, आत पिवळी-राखाडी जमीन.

“फक्त आतलं उपटा,” मी म्हणालो. “काठावरच्या अळीवाकडे गंधकच बघेल.”

मॉडेल मागच्या अंगणात नेलं. नाकाला मास्क लावले. विवरात चिनी मातीच्या वाटीत चिमूटभर गंधक पेटवला आणि काठ झाकेल असं मोठं घमेलं वर उपडं घातलं. तरी थोडा धूर निसटलाच.

“सर, हे काम माणसं रोज करतात?” सलीमभाई डोळे पुसत म्हणाले.

“रोज. वर खांद्यावर ओझं.”

मग मावळ्यांच्या तलवारी काढून त्यांनी काडेपेटीच्या काड्यांच्या कावडी चिकटवायला घेतल्या.

संध्याकाळी घमेलं उचललं. काठाची पानं पांढरी पडून मान टाकून बसली होती. बाहेरचा उतार तसाच हिरवा. नलिनीने काढलेला फोटो आणि मॉडेल शेजारी शेजारी शोभत होते.

सकाळी मॅडमनी वाकून पाहिलं. “हं. कोपरा राहू दे,” म्हणाल्या. पुण्यात याहून मोठं कौतुक होत नाही. उद्घाटनानंतर लोक फोटोंपुढे बराच वेळ रेंगाळले. मीही रेंगाळलो. बरं वाटलं.

मॉडेल करून घेताना काय हवं ते आपण सांगतो, काय नको ते सांगायचं राहतं. सलीमभाई आता प्रत्येक कामाआधी फोन करतात.

“सर, यावर काही उगवतं का?”