आत्याबाईंचा सब्जा आणि दगडी डोण

मला बागेचं कौतुक नाही. लोक हौसेनं कुंड्या मांडतात, पानांवरून हात फिरवतात, मला मात्र ते बघूनच दंड भरून आल्यासारखं होतं. लग्नानंतरची माझी सगळी उमेदीची वर्षं सासूच्या झाडांना पाणी घालण्यात गेली. ती झाडं फुलांसाठी नव्हती की देवासाठी नव्हती. घरात डास येऊ नयेत म्हणून लावलेली होती.

आमचं गाव पालमच्या अलीकडं, काळ्या मातीचं. राज्य निजामाचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. माझं लग्न होण्याआधीच त्यांची एकुलती एक मुलगी तापानं गेली होती. तिजारा ताप. एक दिवस हुडहुडी भरायची, अंगावर चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे, आणि दुसऱ्या दिवशी पोर अंगणात खेळायची, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी गाडीत घालून परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेली तेव्हा फार उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरनं उर्दूत बरंच काही समजावलं म्हणे. त्यातलं आत्याबाईंच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की हा ताप मच्छरांमुळं येतो. पोर परत आली नाही, तो शब्द तेवढा घरी आला.

मग त्यांनी परसात झाडं लावायला घेतली. कुणी सांगायचा अवकाश, की यांनी ते रोप आणलंच. तुळशी तर अंगणभर होत्या. झेंडू, मरवा, गवती चहा, कुंपणाला निर्गुडी, तिचा पाला गोठ्यात धुरवायचा. आणि आमच्या झोपायच्या सोप्याला लागून सगळा सब्जा. आमच्याकडं सब्जा मुसलमानांच्या कबरींवर लावतात, त्यामुळं गल्लीतल्या बायांनी नाकं मुरडली. थडग्यावरचं झाड कुणी दारात लावतं का? आत्याबाई म्हणाल्या, "मेलेल्याला डास चावत न्हाईत, माय. झाडाचा उपेग जित्यालाच हाय."

खरं सांगायचं तर सब्ज्याचं पान चुरगळून हातापायांना चोळलं की घटकाभर डास लांब राहायचे. तुळशीचंही तसंच, पण दिवस मावळल्यावर तुळशीला हात लावायचा नाही, आणि डास तर तेव्हाच येणार. म्हणून दुपारीच पानं खुडून ठेवायची. संध्याकाळपर्यंत ती वाळून जायची आणि वासही निम्मा व्हायचा. नुसतं झाड उभं आहे म्हणून डास पळाले, असं मी तरी कधी पाहिलं नाही. पण सुनेनं काय पाहिलं हे विचारतो कोण?

पाणी घालायचं काम माझ्याकडं. आडाचं पाणी मचूळ, त्यानं मुळं जळतात, असं आत्याबाईंचं मत. झाडांना नदीचंच पाणी पाहिजे, आणि तेही निवळलेलं. आठवड्याला गडी बैलगाडीत पिंप घालून पाणी आणायचा आणि गोठ्यापाशी एक जुनी दगडी डोण होती, जनावरांना पाणी पाजायची, तिच्यात ओतायचा. गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी मी घागरीनं उपसायचे. सगळ्या झाडांना घालून होईपर्यंत पाठ मोडून यायची. त्यानंतर चूल.

माझी मुलगी दुडुदुडू चालायला लागली आणि तिला तिजारा लागला. तापावरचं औषध, कोयनेल, मिळालं, पण ते इतकं कडू, की गुळात लपवून दिलं तरी थुंकून टाकायची. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. तिचं पोट फुगलं, हातपाय काड्यांसारखे झाले. आत्याबाई तर वेड्यासारख्या झाल्या. एका लेकीच्या वेळचं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं पुन्हा उभं राहिलं असणार. त्यांनी सब्ज्याची आणखी रोपं आणली, खिडकीखाली लावली, पायऱ्यांशी लावली. रोपं वाढली म्हणून गडी आठवड्याला दोन खेपा करायला लागला. डोण काठोकाठ भरायला लागली. आणि डास काही कमी होईनात.

एका संध्याकाळी मी पाणी घालता घालता डोणीच्या काठावर बसले. बसायचं नसतं, आत्याबाईंनी पाहिलं असतं तर "झाडं उपाशी अन् तू टेकलीस व्हय?" असं झालं असतं. पण पाय उचलेनात. पोरगी दुपारभर तापात होती, मला डोळ्याला डोळा नव्हता. बसले आणि पाण्याकडं बघत राहिले. पाण्यात ते बारीक वळवळे होते, ते नेहमीच असायचे. घागरीत आले की मी फुंकून बाजूला करायचे. त्यातला एक वर आला, पाण्याला टेकून थांबला, त्याची पाठ उलली आणि आतून एक डास निघाला. ओला, फिकट. आपल्याच सालपटावर उभा राहिला, पंख वाळेपर्यंत थांबला आणि उडून सोप्याकडं गेला. मग दुसरा. मग आणखी.

या डोणीचं पाणी मी माझ्या हातानं झाडांना घालत होते, पोरीला डास चावू नयेत म्हणून. मला रडू आलं नाही, रागच आला. कुणावर काढावा ते कळेना.

नवऱ्याला सांगितलं. त्यांनी येऊन पाहिलं, पटलंही. म्हणाले, "आईला कसं सांगावं?"

"तुमी सांगा, तुमची आई हाय."

यांनी रुमाल डोक्याला गुंडाळला आणि रानात निघून गेले. माझ्या संसारातले सगळे अवघड प्रश्न असेच रानात जायचे.

म्हणून मीच आत्याबाईंकडं गेले. त्या सब्ज्यापाशी बसून वाळकी पानं काढत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या. "ही झाडं मला तवाच ठाऊक असती ना माय, तर माझी लेक गेली नसती. आता हिला तरी राखतील." त्यांचा हात त्या रोपावरून असा फिरत होता, जणू पोरीच्या केसांतून फिरावा. मी म्हणाले, "व्हय आत्याबाई." आणि परत आले. मला ते बोलवलं नाही. त्या बाईकडं त्या झाडांखेरीज दुसरं काही नव्हतं.

त्याच दिवसापासून मी डोणीच्या बुडाच्या भोकात कोंबलेला चिंध्यांचा बोळा रोज काढायला लागले. संध्याकाळी झाडांना पाणी घालून झालं, की उरलेलं सोडून द्यायचं, डोण फडक्यानं कोरडी पुसायची. सकाळी पुन्हा नदी. गाडी रोज मिळत नव्हती, म्हणून डोक्यावर घागर, काखेत कळशी. सकाळी ओतायचं, दिवसभर निवळू द्यायचं, दिवेलागणीला घालायचं, आणि पुन्हा रिकामी करायची.

आत्याबाई खवळल्या. दिवेलागणीला घरात पाण्याचं भांडं रितं ठेवणं म्हणजे अवदसा बोलावणं. "पाणी आणती अन् सांडती, हिला कंड सुटलाय काय!" म्हणाल्या. मी सांगितलं, शिळ्या पाण्याला वास यायलाय. त्यांना पटलं नाही. मग मी भरलेला तांब्या घट्ट झाकून डोणीत ठेवायला लागले, म्हणजे ती रिती म्हणता येऊ नये. त्यावर त्या गप्प बसल्या, पण गल्लीभर सांगत सुटल्या, की सुनेला पाण्याचं येड लागलंय.

मी चिडकी झाले. खरंच झाले. नदीहून येऊन घागर आपटायचे, सब्ज्याच्या नावानं बोटं मोडायचे, पोरगी पदराला लोंबली की खेकसायचे. अंगात काही उरायचंच नाही. आत्याबाई तिला मांडीवर घेऊन झाडांत बसायच्या, पानं चोळून तिच्या पायांना लावायच्या, गोष्टी सांगायच्या. त्यांच्याकडं वेळ होता.

पावसाळा सरला, हिवाळा आला आणि मुलीचा ताप लांबत लांबत थांबला. पोट उतरलं. गालांवर रंग आला. आत्याबाईंनी झाडांना हळदीकुंकू वाहिलं आणि गल्लीतल्या नाकं मुरडणाऱ्या बायासुद्धा सब्ज्याची रोपं मागायला आल्या. त्या प्रत्येकीला मी कोपऱ्यात घेऊन सांगितलं, पाणी साठवू नका. एकीनंही मनावर घेतलं नाही. आत्याबाई असेपर्यंत मी डोण रोज भरली आणि रोज सांडली. त्या समाधानानं गेल्या.

त्यानंतर खूप वर्षांनी, मुलगी तिच्या पोराला घेऊन माहेरी आली होती. परसात उभी राहून म्हणाली, "आई, सब्ज्याचं एक रोप दे. माझ्या दारात लावते. आजीनं ही झाडं लावली म्हणून मी जगले." आणि मग हसून, अगदी सहज, "तू तर या झाडांवर कायम चिडलेली असायचीस. मला कधी मांडीवर घेतलेलंसुद्धा आठवत नाही."

मला वाईट वाटलं. इतकं वाईट मला नदीच्या वाटेवर कधी वाटलं नव्हतं. सांगावं असं अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर आजीची माया इतकी स्वच्छ दिसत होती, की ती गढूळ करायला माझं मन झालं नाही.

मी खाली बसले, मुळाला माती धरून एक रोप उपटलं आणि तिच्या हातात दिलं. "हो बाई," मी म्हणाले, "आजीनंच वाचवलं तुला."