स्मरणिकेतून काढलेली चार पानं

आदिवासींच्या जंगलजमिनींसाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेला पन्नास वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नाशिकच्या एका शाळेतून मराठी शिकवून निवृत्त झालेली. शिवाय ज्या तिघांनी संघटना उभी केली, त्यांतले एक माझे वडील. ते जाऊन बारा वर्षं झाली होती. उरलेले दोघेही गेले होते. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांबद्दल विचारायला एकच माणूस उरला होता, पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचे पाटीलबाबा.

त्यांच्याकडे पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. सरकारी पाटील वेगळा, तो कागदावरचा. हे पाड्याचे. लग्न, सोयरीक, भांडण, बांधावरचा वाद, सगळं त्यांच्या अंगणात मिटायचं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत वडील मला तिकडे घेऊन जायचे. वडील सभांना निघून जायचे आणि मी पाटलीणबाईंच्या चुलीपाशी नागलीची भाकरी खात बसायचे.

मी पेठ नाक्यावरून बस धरली. सावळ घाट उतरल्यावर पुढे जीपने पाड्यावर पोचले. पाटीलबाबा ओसरीत बसले होते. ऐंशीच्या वर गेलेले, कानाने थोडे कमी, पण आवाज खणखणीत. त्यांची नात आश्रमशाळेत शिक्षिका आहे. तिने कोरा चहा आणला. मी फोन रेकॉर्डिंगला लावून खाली ठेवला आणि विचारलं, "बाबा, संघटना सुरू कशी झाली ते सांगा."

"कशी म्हंजे? तुजा बाप आला. पँट घातलेला. वेठीला जाऊ नका म्हनला, जंगलातली जमीन तुमचीच हाय म्हनला. कोनी आयकंना."

"का?"

"का आयकावं? तो आज आला, उद्या नाशिकला जानार. मार खायला आमी इथं."

दोन वर्षं वडील येत राहिले, असं ते म्हणाले. मग एका वर्षी जंगलखात्याने उभं पीक गुरं घालून तुडवलं. त्यानंतर पाटीलबाबांनी सात पाड्यांच्या पाटलांना निरोप धाडले. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या दिवशी सगळे गावाबाहेर वाघदेवापाशी जमले. लाकडी फळीवर वाघ कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र, सगळ्याला शेंदूर. हातात तांदूळ धरून एकेका पाटलाने शपथ घेतली, की आपल्या पाड्यातला एकही माणूस वेठीला जाणार नाही आणि कोणी जमीन सोडणार नाही. जो फुटेल त्याच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही.

"तुजा बाप लांब उभा. देव मानीत नव्हता ना तो. मी म्हनलो, गुरुजी, तुमी हात लावला नाय तर ही मानसं तुमच्यामागं येनार नायत. लय येळ उभा ऱ्हायला. मंग चपला काढल्या, आला, तांदूळ घेतलं, हात लावला. रडत व्हता."

 आमच्या घरात देव्हारा नव्हता. आईने एकदा सत्यनारायण करायचं मनात आणलं, तर वडील दोन दिवस जेवले नव्हते. त्यांनी ही गोष्ट घरात कधी सांगितली नव्हती.

मी परत येऊन चार पानं लिहिली. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले. इतक्या वर्षांत मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं असावं.

आठवड्याने संघटनेच्या सचिवांनी मला कार्यालयात बोलावलं. चाळिशीतला माणूस, पेठशेजारच्या सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर वाढलेला, वकील झालेला. पानं त्यांच्यासमोर होती.

"ताई, लिहिलंय फार सुंदर. पण हे घेता येणार नाही."

"का?"

"आपण पन्नास वर्षं लोकांना काय सांगतोय? अंगारे, शपथा सोडा, दवाखान्यात जा. माझ्या बहिणीला साप चावला तेव्हा घरच्यांनी तिला भगताकडे नेलं. मी आठवीत होतो. ती तिथेच गेली." त्यांनी पानं माझ्याकडे सरकवली. "आणि आता आपणच लिहायचं, की संघटना देवासमोर तांदूळ उचलून जन्मली? विरोधक हेच पान घेऊन गावोगाव फिरतील. शिवाय काही पाड्यांचे पाटील आज त्यांच्याच बाजूने आहेत, तुम्हाला माहीतच आहे."

त्यांच्या बहिणीचं ऐकल्यावर मला वाद घालता आला नाही. निदान मी स्वतःला तसंच सांगितलं. खरं म्हणजे मला आतून सुटल्यासारखंही वाटलं होतं. चपला काढून रडत उभे राहिलेले वडील मला लोकांसमोर ठेवायचे नव्हते. मी पेन घेतलं आणि चार पानांच्या जागी एक ओळ लिहिली : 'स्थानिक ग्रामस्थांच्या सहकार्याने संघटनेची पहिली सभा पार पडली.'

प्रकाशनाचा समारंभ नाशिकला एका सभागृहात झाला. पाटीलबाबा येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आले. धुतलेलं धोतर, काळा कोट, डोक्याला फेटा. नात बरोबर होती. पहाटेच्या बसने निघाले होते. मंचावर दोन आमदार, सचिव, मुंबईहून आलेले प्राध्यापक आणि संस्थापकाची मुलगी म्हणून मी. पाटीलबाबांना पाचव्या रांगेत जागा मिळाली. त्यांना वर बोलवा, असं मी शेजारी बसलेल्या सचिवांच्या कानात सांगू शकले असते. सांगितलं नाही. एकदा वर बोलावलं की त्यांना बोलायलाही द्यावं लागलं असतं.

जेवणाच्या वेळी ते मला शोधत आले. हातात स्मरणिका होती.

"माजं पान कंचं, पोरी?"

त्यांना वाचता येत नव्हतं. नात हात धुवायला गेली होती. मी स्मरणिका उघडली, ती ओळ असलेलं पान काढलं आणि म्हणाले, "हे बघा. इथं."

त्यांनी त्या पानावरून तळहात फिरवला. मग जिभेला बोट लावून पानाचा कोपरा दुमडला. "सगळं लिवलं?"

"हो बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "माज्यामागं आता सांगनार कोन?"

 मी ताट तसंच ठेवून दिलं.

नातीने घरी गेल्यावर वाचून दाखवलंच असणार. पुढचे काही महिने मी फोन केला नाही. नवरात्राच्या आधी तिचाच फोन आला. बाबांनी अंथरूण धरलंय, असं तिने सांगितलं. स्मरणिकेचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले.

ते ओसरीतच झोपले होते, अंगावर घोंगडी. मी जवळ बसून हात धरला. "बाबा, मी खोटं बोलले. तुमचं मी लिहिलं होतं. मग काढलं."

त्यांनी डोळे उघडले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"वकिलानं काढाया लावलं?"

"हो." मग मी म्हणाले, "मीही काढलं."

 नात दारात उभी होती.

"तुज्या बापानं देवाला हात लावला, त्याची तुला लाज वाटली?"

 त्यांनी माझा हात सोडला नाही. नातीला म्हणाले, "हिला च्या ठेव." तेवढंच. संध्याकाळची शेवटची जीप यायची वेळ झाली तशी मी उठले. चौथ्या दिवशी ते गेल्याचं कळलं.

दहाव्याला संघटनेतर्फे सचिव आले, झेंडा आणि हार घेऊन. अंगणात उभे राहून चांगलं बोलले. चळवळीचा आधारवड कोसळला, असं म्हणाले. तोंडदेखलं बोलत नव्हते, हे दिसत होतं. लोक ऐकत होते, पण घोषणेला कोणी आवाज दिला नाही. बाबांचा पुतण्या आता पाड्याचा पाटील झाला होता. तो हात जोडून एवढंच म्हणाला, "आलात, बरं वाटलं."

त्या हिवाळ्यात वनपट्ट्यांच्या, म्हणजे जंगलातल्या जमिनीच्या हक्कपत्रांच्या, मागणीसाठी कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला. पेठकडून येणारे टेम्पो दर वेळी भरून यायचे. या वेळी त्या सात पाड्यांतून कोणीच आलं नाही. सचिवांनी मला फोन केला. "ताई, तुमचं तिथं ऐकतात. एकदा जाऊन या."

मी गेले. नात शाळेतून नुकतीच आली होती. हातात वह्यांचा गठ्ठा. तिने मला पाणी दिलं, बसायला चटई टाकली. मी कशासाठी आले ते सांगितलं.

"मावशी, आम्हाला निरोपच आला नाही," ती म्हणाली.

"पत्रकं तर पाठवली होती. व्हॉट्सअ‍ॅपवरही..."

"ती आली. पण पाटलाला येऊन कोणी विचारलं नाही. पूर्वी कोणीतरी यायचं, अंगणात बसायचं, मग सगळे निघायचे." ती वह्या लावत बोलत होती. आवाजात राग नव्हता. "काका म्हणाले, त्यांना आता आपली गरज नाही. पट्ट्यांचं आम्ही आमचं बघू."

मी म्हणाले की बाबांचं बोलणं माझ्या फोनमध्ये आहे, ते मी तिला पाठवते. ती म्हणाली, "पाठवा." मग वह्या बाजूला ठेवून म्हणाली, "आजी ऐकेल. तिला आवाज ऐकायचाय."

मी तिथेच बसून पाठवलं. मोबाईलला रेंज कमी होती. बराच वेळ स्क्रीनवर गोल फिरत राहिला, मग रेकॉर्डिंग गेलं. पाटलीणबाई आत झोपल्या होत्या. त्यांना उठवू नको, असं मी म्हटलं आणि निघाले.

नाशिकला पोचल्यावर सचिवांना फोन केला. ते लोक येणार नाहीत, एवढंच सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. पाटलाला येऊन कोणी विचारलं नाही, हे मी सांगितलं.  मग ते म्हणाले, "ठीक आहे ताई, बघू," आणि दुसरा फोन येतोय म्हणून त्यांनी ठेवून दिला.