माळावरचा पोतंवाला

मिरजगावच्या शाळेवर शिकवायला जाताना तो मला रोज माळावर दिसायचा. उकिडवा बसलेला, शेजारी पोतं, नजर एकाच जागी खिळलेली. हा चोरून तित्तर पक्षी धरणाराच असणार, अशी माझी खात्री झाली. मी रोज गाडी थांबवून त्याच्यावर लक्ष ठेवू लागलो. एके दिवशी जवळ जाऊन विचारलंच, "पोत्यात काय आहे?"

त्यानं पोतं उलटं केलं. भाकरी आणि पाण्याची बाटली निघाली.

"तिथं टिटवीची अंडी हायेत," तो म्हणाला. "आधी कुत्र्यांपायी बसायचो. आता तुमीबी रोज थांबून बघता, म्हनून उठताच येत न्हाई."

मला आधी राग आला, मग लाज वाटली. त्यानं न सांगताच मी माझी बॅग उघडून पुढं धरली. त्यानं आतल्या जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा काढून पाहिलं.