आत्तींच्या कार्डावर

आम्ही निपाणी सोडली त्या सकाळी आत्ती दारापर्यंत आल्या नाहीत. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. सोप्यात नेहमीच्या जागी भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. सुपात शेवटची पानं होती. ती संपली की आमच्या घरातलं विडीचं काम संपणार होतं, आणि त्या मुद्दाम सावकाश वळतायत असं मला वाटलं. मी पाया पडले. "दमानं जावा," त्या म्हणाल्या. मग माझ्या पिशवीकडं बघून, "कात्री घेतलीस व्हय? ठेव हितंच. बेळगावात कोण पान कापतंय?"

मी कात्री काढून त्यांच्या सुपाशेजारी ठेवली.

मोठी जाऊ, आक्का, स्टँडपर्यंत आली. मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, आधी चढून जागा धरली होती. आमची लेक अश्विनी खिडकीशी बसली. आक्का खाली उभी राहून म्हणाली, "जा बाई, तू सुटलीस." मला वाईट वाटलं, रागही आला. काहीतरी उत्तर द्यायचं होतं. पण माझं बोलणं नेहमी गाडी सुटल्यावर सुचतं.

हे मी अश्विनीच्या जुन्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. कुणाला दाखवायला नाही. तरी लिहिताना तिथं राहिलेल्या बायका डोळ्यांपुढं येतात, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्याही. त्यांच्याशीच बोलल्यासारखं होतं.

माझं माहेर सरहद्दीपलीकडचं, कागलच्या बाजूचं. म्हणजे मी महाराष्ट्राची लेक आणि कर्नाटकाची सून, पण आम्हाला ते कधी लांब वाटलं नाही. चौथी झाल्यावर माझ्या वडलांनी, आप्पांनी, मला शाळेतून काढलं. मी रडले तर म्हणाले, "नाव लिवाया आलं न्हवं? बास की." लग्न होऊन आले तेव्हा विडी वळायला येत होती, म्हणून सासरी कौतुक झालं.

घरात वळणाऱ्या आम्ही तिघी. आत्ती, आक्का आणि मी. कारखान्याचं कार्ड, ज्याच्यावर पान-तंबाखू मिळायचा, ते मात्र एकच, आत्तींच्या नावाचं. आमच्या गल्लीत सगळ्या घरांत तसंच होतं. कार्ड सासूचं, सुना त्याच्यावर वळणार. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं, मलाही नाही. मुकादमाला सगळं माहीत होतं. तो पान-तंबाखू तिघींच्या हिशेबानं द्यायचा, सगळं आत्तींच्या पुस्तकात मांडायचा आणि हसून म्हणायचा, "म्हातारीला सहा हात हैत आमच्या."

तपासणीला कुणी साहेब आला की गल्लीच्या तोंडाशी पहिल्या घरातली बाई ओरडायची, "पाव्हणं आलं गं." त्यासरशी सुना सुपं पलंगाखाली सरकवायच्या, हात धुवायच्या आणि केर काढायला लागायच्या. सासवा तेवढ्या वळत बसायच्या. एका वर्षी साहेब थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी खाली बघून म्हणाले, "काही करत नाही." त्यानं ते कागदावर लिहिलं आणि सहीला पुढं केलं. बाकीच्या बायका अंगठा देत होत्या. मी नाव लिहिलं, नीट, वळणदार. खरं सांगायचं तर मला त्या सहीचा थोडा अभिमानच वाटला. माझी बोटं तंबाखूनं काळी होती. त्याला ती दिसली असणारच.

मग हायवे मोठा झाला. पूर्वी नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, त्या गेल्या. पान कुठूनही येतं, तंबाखू कुठंही जातो, एका गाडीत बसून दोन राज्यं पार. कारखान्याच्या मालकानं सरहद्दीपलीकडं नवीन जागा उघडल्या, कारण तिथं बायका कमी मजुरीवर वळतात आणि कार्ड मागत नाहीत. मुकादम येऊन सांगून गेला, "माझ्या हातात काय न्हाय. काम तिकडं गेलंय." पलीकडच्या त्या बायकांना गल्लीत खूप शिव्या बसल्या. मी गप्प होते. त्यांतली एक माझी सख्खी वहिनी होती.

एवढी वर्षं पाहिलंय, माल सरहद्द ओलांडतो तेव्हा त्याच्यासोबत कागद असतो, शिक्का असतो. हरवला तर कुणीतरी विचारायला येतं. आमचं काम ओलांडून गेलं तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. फंडाची आणि पेन्शनची यादी लागली त्यात कार्डावरची नावं होती. आत्तींचं होतं. आक्काचं आणि माझं नव्हतं. एकोणीस वर्षं मी त्या सोप्यात बसले, आणि कागदावर मी काही करत नव्हते.

बेळगावात मालकांना वॉचमनचं काम मिळालं आणि मला उद्यमबागेत पॅकिंगचं. लहान कारखाना, रबरी रिंगा डब्यांत भरायच्या. पहिल्या दिवशी टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "हेसरेन्री?" नाव विचारत होती. मी म्हणाले, "कृष्णाबाई." तिनं आधार कार्ड बघितलं. "यावर शालन आहे की ओ." विड्या द्यायला गेलं आणि नाव विचारलं की आत्तींचं सांगायचं, ही सवय हाडात गेली होती. ती मुलगी हसली आणि शालन असं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गळ्यात घालायला फोटोचं कार्ड दिलं. घरी आल्यावर मी ते काढलंच नाही. अश्विनी म्हणाली, "आई, भाकरी करताना तरी काढ की, जळंल."

खोली लहान. पाणी एक दिवसाआड. दुकानात कन्नड, शेजारी मराठी, कारखान्यात दोन्ही आणि वर हिंदी. निपाणीत दुपारी तिघी वळताना कुणीतरी काहीतरी बोलायचं, उखाळ्यापाखाळ्या निघायच्या, हसायचो. इथं मशीनच्या आवाजात शेजारणीचं ऐकू येत नाही. सुरुवातीला मला रात्रंदिवस सोपा आठवायचा. नंतर कार्डाकडं बघितलं की सोप्याबरोबर चीडही यायला लागली. परक्या गावानं पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं. जे मी घर म्हणत होते तिथं एकोणीस वर्षांत कुणाला गरज पडली नाही. आणि काय करता असं साहेबानं विचारलं तेव्हा मीच माझं काम लपवलं.

त्यानंतर आक्काचा फोन आला. कामगार खात्याचे साहेब निपाणीत बसणार होते. ज्यांनी विड्या वळल्या पण ज्यांच्याकडं कार्ड नाही, त्यांनी अर्ज करायचा. आक्का म्हणाली, "आपुन नको करूया. कारखान्याचा कारकून येऊन आत्तींना सांगून गेलाय. सुना म्हणाल्या आम्हीबी वळलं, तर तुमचं पुस्तक खोटं ठरंल. तुमची पेन्शन जाईल."

चार दिवस मी कामावर रिंगा भरत होते आणि डोक्यात हेच. आत्तींचं नुकसान करून मला काही नको होतं. मग एका दुपारी डबा खाताना लक्षात आलं. एक बाई मान वर न करता बसली तरी दिवसात किती वळते, हे मुकादमाला पाठ होतं. आत्तींच्या नावावर त्याच्या तिप्पट पान तो स्वतः देत होता, आणि कारखाना तिप्पट विड्या घेत होता. मग पुस्तक खोटं कुणी केलं? म्हातारीला कशाला भीती घालता?

मी सुट्टी घेतली. अर्ज माझ्या हातानं लिहिला. मालक म्हणाले, "तू बोलणार तिथं?" मी म्हणाले, "बघू." पण मनात जायचं ठरलं होतं.

निपाणीला घरी गेले तर आत्तींनी चहा पुढं ठेवला आणि तोंड फिरवून बसल्या. मी कप खाली ठेवला तशा म्हणाल्या, "माजं नाव पुसाया आलीस न्हवं?"

"न्हाय आत्ती. तुमच्या नावाशेजारी माजं लिवाया आलेय."

आत्ती चाचपत कप उचलून आत गेल्या. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यानं अंधुक दिसतं. सकाळी मी निघाले तेव्हा मात्र चप्पल घालून आक्काचा हात धरून माझ्या मागून आल्या.

साहेब बसले होते त्या हॉलमध्ये गल्लीतल्या पुष्कळ बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. अर्ज कुणी केला नव्हता. आधी बघायला आल्या होत्या. साहेब वयानं मोठे, बोलायला बरे. "कुंद्री, कुंद्री," म्हणत त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. कारखान्याच्या कारकुनानं फाइलीतून एक जुना कागद काढला.

"बाई, ही सही तुमचीच?"

"व्हय."

"काही करत नाही, असं लिहून दिलंय तुम्ही."

माझं अक्षर मला लांबूनही ओळखू आलं. बायका बघत होत्या. अशा वेळी मी आयुष्यभर उठून गेलेय. त्या दिवशी उठले नाही.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "आम्ही सगळ्या सुना तसंच बोलायचो. कार्ड काढून घेतील म्हणून भ्यायचो. मी एकोणीस वर्सं विड्या वळल्यात."

साहेब म्हणाले, "मला कसं कळायचं?"

"पान द्या."

शेजारच्या घरातून उरलेल्या पान-तंबाखूसकट सूप आलं. आक्कानं पदराआडून माझीच कात्री काढून दिली आणि स्वतःही बसली. वाटलं होतं, बोटांना विसर पडला असेल. पडला नव्हता. कारकून हसत म्हणाला, "साहेब, विडी तर हितल्या सगळ्या बायांना येती. त्यानं कारखान्याचं काम केलं हे कुठं ठरतंय?"

त्याचं बरोबर होतं.

तेवढ्यात मागून आत्तींचा आवाज आला. "आना त्या हिकडं."

साहेबांनी आमच्या दोघींच्या विड्या एकत्र केल्या. मुद्दाम तिसऱ्या एका बाईच्याही दोन त्यात घातल्या आणि आत्तींच्या पुढ्यात ठेवल्या. आत्तींनी बघितलंही नाही. एकेक उचलून अंगठ्यानं चाचपत बाजूला करायला लागल्या.

"ही मंगलची. तोंड सैल. लग्न झाल्यापासनं सांगती, ऐकत न्हाय." मंगल म्हणजे आक्का; ती खाली बघून हसली. "ही धाकटीची. बुडाला दोरा लई गुंडाळती. दोरा काय हिच्या बापानं दिलाय? ही धाकटीची. ही मंगलची. ह्या दोन कुनाच्या ठावं न्हाय, आमच्या घरातल्या न्हवंत."

आत्तींनी मान कारकुनाकडं वळवली.

"तुमी छाट काढत होता न्हवं, वाईट विड्या बाजूला टाकत होता? मग निरोप कोन धाडत होतं मुकादमाकडनं? म्हातारे, धाकटीला सांग दोरा कमी लाव, मोठीला सांग तोंड नीट दाब. वळनारी मी एकटीच असंन तर धाकटी-मोठी तुमास्नी कशी ठावं?"

कारकून फाइल चाळायला लागला. साहेबांनी त्याला विचारलं, "असे निरोप जायचे?" तो म्हणाला, "मुकादम सांगत असेल. मला कल्पना नाही." साहेबांनी तेही लिहून घेतलं. मग आत्तींना म्हणाले, "आजी, यात तुमचं काही जाणार नाही."

"जाईना का," आत्ती म्हणाल्या. "हिचं लिवा आदी."

माझा जबाब लिहिला गेला, माझ्या नावानं. त्याच्या मागून आक्काचा. मग भिंतीला टेकलेल्या बायकांतली एक उठली, दुसरी उठली. ज्यांना लिहायला येत नव्हतं त्यांचे अर्ज मी आणि आक्काच्या मुलीनं लिहिले. संध्याकाळपर्यंत माझा हात विडीनं कधी दुखला नव्हता तेवढा पेनानं दुखला.

पुढं आम्हा दोघींना कामगार खात्याचं विडी कामगार म्हणून कार्ड मिळालं. दवाखान्याला आणि अश्विनीच्या शिक्षणाला त्याचा उपयोग होईल. पण मागची वर्षं कारखान्यानं मानलेली नाहीत. कारखानेवाले वरच्या ऑफिसात अपिलाला गेलेत, आता तिथं लढायचं. पलीकडच्या वहिनीला मी फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, "साहेब आला तर सूप लपवू नको. कार्ड माग, तुझ्या नावाचं." ती म्हणाली, "काम काढून घेतील की वन्सं." मी म्हणाले, "एकटीनं मागितलं तर काढतील. गल्लीला घेऊन माग." ती घाबरते, मीही घाबरत होते. पण तिनं वळलेल्या विड्या याच रस्त्यानं आमच्या दारावरून विकायला जातात. तिचं नाव लागलं नाही तर आमचंही फार दिवस टिकणार नाही, एवढं मला कळलंय.

कुणी विचारतं, परत निपाणीला जाणार का? अश्विनीचं कॉलेज इथं आहे, मालकांचं काम इथं आहे. जाणार नाही. पण आता तो सोपा आठवला की पूर्वीसारखं गळून गेल्यासारखं वाटत नाही. तिथं मी काय केलं हे लिहिलेलं आहे.

पुढची तारीख बेळगावच्या ऑफिसात आहे. सकाळी लवकर हजर राहायचं म्हणून सगळ्या आदल्या दिवशीच येणार आहेत, माझ्याकडं. आत्ती, आक्का, गल्लीतल्या पाच जणी, आणि वहिनी. वहिनीचं केसमध्ये काही नाही, तिला नुसतं ऐकायचंय. शेजारणीकडून दोन चटया मागून ठेवल्यात. पाण्याचा दिवस बघून पिंप भरून घेतलंय. घरमालकीणबाईंनी विचारलं, "एवढ्या बायका? कोण आहेत?" मी म्हणाले, "माझ्या घरच्या."

त्या म्हणाल्या, एवढ्याशा खोलीत मावणार कशा?

मी म्हणाले, मावतील.