दुकानात असेतोवर पितळ

मी देव विकतो, आणि किलोवर विकतो. ऐकणाऱ्याला हे जरा टोचतं, पण पितळी मूर्तींचा धंदा असाच चालतो. काट्यावर बालाजी आणि नंदी सारखेच. नक्षी बारीक असेल तर भाव थोडा चढतो, एवढाच काय तो देवादेवांतला फरक.

दुकान शहागंजात आहे, बाजाराच्या तोंडाशीच. पुढच्या फळीवर गणपती, कारण बारा महिने तोच खपतो. मागे लक्ष्मी, बाळकृष्ण, नटराज, विठ्ठल-रखुमाई. डाव्या हाताला बुद्ध: बसलेले, उभे, कुशीवर निजलेले. त्यांच्या वरच्या भिंतीवर थांगका टांगलेल्या असतात. थांगका म्हणजे नेपाळ-तिबेटकडची कापडावरची चित्रं. मध्ये रंगवलेला बुद्ध किंवा एखादी देवता, भोवती रेशमी काठ, वरखाली लाकडाची दांडी, त्यामुळे चटईसारखी गुंडाळून ठेवता येते. थंडीत शहरात स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात, त्यांच्यातलं एक जोडपं दरवर्षी माझ्यासाठी पाच-सहा घेऊन येतं. इथल्या गिऱ्हाइकाला त्यातलं फारसं कळत नाही, आणि सुरुवातीला मलाही कळत नव्हतं. हिरव्या रंगाच्या तारेला लोक लक्ष्मी समजून घेऊन जातात. मी आधी सांगायचो, ही तारा, ही बौद्धांची. आता विचारलं तरच सांगतो. एका बाईंनी तर सुरकुत्या पडल्या म्हणून थांगका इस्त्रीला टाकली. अर्धा बोधिसत्त्व इस्त्रीच्या तळाला चिकटून आला आणि बाई माझ्याशी भांडायला आल्या, रंग कच्चा दिला म्हणून.

हे सगळं रीतसर चाललेलं आहे. गोष्ट एवढीच की आम्ही बौद्ध आहोत. कन्नडजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरात देव्हारा नाही. दोन्हीकडच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच देव्हारे गेले. आईला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत, आणि गणपतीला देव मानणार नाही हे त्यात आहेच. छापील गणपती असलेली लग्नपत्रिका आली तर ती लग्नाला जाते, आहेर करते, पण पत्रिका घरात ठेवत नाही. अशा बाईचा मुलगा गणपती विकून पोट भरतो. नातेवाईक कार्यप्रसंगी यावरून चेष्टा करतात. ती मला चालते. बोलण्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. आईनं मात्र कधी चेष्टा केली नाही.

मी या दुकानात नोकर म्हणून लागलो होतो. मालक मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडीवाले. हंडे, घागरी, पराती, समया. मग घरोघर स्टील आलं, हंडे पडून राहायला लागले, तेव्हा मालकांनी फार चर्चा न करता भांडी मागे सारली आणि मूर्ती पुढं मांडल्या. त्यांना कुणी डिवचलंच, की मियाँ, तुम्ही आणि मूर्ती, तर ते तोंडातलं पान या गालातून त्या गालात सरकवून म्हणायचे, "दुकान में है तब तक पीतल. बाहर गया तो भगवान. फिर उसकू वापस तौलने वाले अपन कौन?"

यातलं शेवटचं वाक्य म्हणजे दुकानाचा नियम होता. भांडं मोडीत घ्यायचं, विकलेला देव परत घ्यायचा नाही. त्याला धंद्याचंही कारण होतं. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातून आलेली मूर्ती नवं गिऱ्हाईक घेत नाही. ती का परत आली, हे आधी विचारतं. पुढं मालकांची मुलं परदेशी गेली, दुकान हळूहळू माझ्याकडं आलं, आणि त्याच्याबरोबर हा नियमही आला.

दुकान माझं झालं त्या दिवशी आई म्हणाली, "आपुन देव सोडले आन् तू इकायला बसला. चांगलं हाय." आमच्याकडं 'चांगलं हाय' असं म्हटल्यावर पुढं बोलायचं नसतं. त्यानंतर ती दवाखान्याला म्हणून शहरात यायची, पाहुण्यांकडं यायची, पण दुकानाची पायरी कधी चढली नाही. समोर चहाचा गाडा आहे. त्याच्या बाकावर बसायची, आणि चहावाला तिथून ओरडायचा, "आई आल्यात!" मग मी रस्ता ओलांडून जायचो.

मला याचं वाईट वाटायचं. मी एकुलता एक. तिनं माझं घर बघितलं, संसार बघितला, नातवंडांचे मार्क बघितले, आणि ज्याच्यावर हे सगळं चाललं ते दुकान तेवढं तिला नको होतं. एकदा मी वादही घालून बघितला. डॉक्टर सगळ्या जातीधर्माच्या माणसांना तपासतो, म्हटलं, शिंपी सगळ्यांचे कपडे शिवतो, मग माझंच काय वेगळं? ती म्हणाली, "शिंप्याला कुणी भीत नाय." मला वाटलं, म्हातारी विषय बदलतेय. मीही सोडून दिलं.

गेल्या वर्षी गावातल्या विहारासाठी नवी बुद्धमूर्ती घ्यायची ठरली. होती ती प्लॅस्टरची, नाकाचा टवका उडालेली. बायकांनी पुढाकार घेतला आणि मूर्ती पसंत करायचं काम आईच्या गळ्यात घातलं. लेकाचंच दुकान म्हटल्यावर ती नाही तरी कशी म्हणणार? एसटीनं आली, नेहमीच्या बाकावर बसली, चहा घेतला, आणि मी रस्ता ओलांडायच्या आत स्वतःच पायऱ्या चढून वर आली. मी तेव्हा दत्ताची मूर्ती काट्यावर ठेवत होतो. ती तशीच हातात राहिली.

पुढच्या फळीकडं तिनं बघितलंच नाही. तडक डावीकडं गेली, पण मान वर केली आणि एका थांगकेपाशी अडकली. महाकालाची होती. काळानिळा, तीन डोळे, मुकुटात कवट्या, भोवती जाळ.

"ह्यो कोण? म्हसोबा?"

"बौद्धांचाच आहे माय, तिबेटकडचा. धम्माची राखण करतो."

"बुद्धाला राखणदार कशाला लागतंय?"

मी खुर्ची पुढं केली आणि बुद्ध काढायला लागलो. माझ्याकडचा सगळ्यात देखणा, नेपाळी घडणीचा, अर्धे मिटलेले डोळे आणि ओठांवर हसू असलेला, तिच्यापुढं ठेवला. तिनं तो बोटानं बाजूला केला.

"झोपलेला नगं. डोळं उघडं पायजेत. लोकांकडं बघाया पायजे त्यानं."

बरेच विहारवाले हेच मागतात, हे मला माहीत आहे. पण ती पहिल्यांदा आली म्हणून मी हुरळून दुकानातला भारी माल आधी काढला होता. आत जाऊन उघड्या डोळ्यांचे दोन-तीन शोधत होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

तिशीच्या आतली मुलगी. मी तिला ओळखलं. काही महिन्यांपूर्वी नवऱ्याबरोबर आली होती. नवरा चितेगावच्या कुठल्याशा कंपनीत, नवा फ्लॅट, वास्तुशांत ठरलेली. त्यांनी वीतभर उंचीचा गणपती नेला होता. उजव्या सोंडेचा होता, पण तिनं तो घेतला होता त्याचे कान आवडले म्हणून. आता ती एकटीच आली होती, आणि फडक्यात गुंडाळलेली मूर्ती तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"काका, हा परत घ्या. पैसे नकोत."

मी विचारलं, मूर्तीत काही खोट निघाली का? खोट नाही, म्हणाली. मग थोडं थोडं करत सांगितलं. तिला दिवस गेले होते, ते राहिले नाहीत. सासूबाई गावाहून आल्या, त्यांनी देव्हारा बघितला आणि विचारलं, हा उजव्या सोंडेचा कुणी आणला? हा कडक असतो, याचं सोवळं पाळलंस का? हिनं पाळलं नव्हतं. सकाळी कामाला निघता निघता उदबत्ती लावायची, कधी तीही राहायची. सासूबाई यापुढं काही बोलल्या नाहीत म्हणे. बोलायची गरजही नव्हती. तेव्हापासून देव्हाऱ्यासमोरून जायला ती घाबरत होती. नवरा म्हणाला, पाण्यात सोडून येऊ. पण सोडला आणि आणखी कोपला तर? कुणाला द्यावा, तर त्यांच्या घरात काही वाईट झालं तर? म्हणून ती दुकानात आली होती.

मी तिला नियम सांगितला. आवाज न चढवता, नीट सांगितला. विकलेला देव आम्ही परत घेत नाही, कुठंच घेत नाहीत, तुम्ही एखाद्या मंदिरात देऊन बघा. मंदिरात ती विचारून आली होती. आमच्याकडंच ठेवायला जागा नाही, असं तिथं सांगितलं होतं. एवढं बोलून ती तशीच उभी राहिली. मला वाटत होतं, तिनं आता जावं. असं रडवेलं माणूस दुकानात उभं असलं की दुसरं गिऱ्हाईक दारातूनच वळतं. मी दत्ताला कागदात बांधायला घेतलं.

"दे हिकडं."

आईनं खुर्चीतूनच हात पुढं केले होते. ही कोण, ते मुलीला कळेना. माझी आई, मी म्हणालो.

"आजी, पण हा कडक आहे."

"दे गं. मला काय करत नाय त्यो."

तिनं मूर्ती घेतली, फडकं सोडलं आणि गणपतीला मांडीवर घेऊन बसली. आईच्या हातात देव मी जन्मात बघितला नव्हता. मी सुतळी हातात धरून बघत राहिलो.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मुलीनं विचारलं.

"वाटली व्हती की. येकदा."

मग तिनं जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. तिच्या माहेरच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा घराघरातले देव नदीत सोडायचे असं ठरलं. ठरलं खरं, पण सकाळी देवांना हात कुणी लावेना. आईचे वडील, ज्यांच्या धाडसाच्या गोष्टी आम्ही अजून पोरांना सांगतो, तेही ओट्यावर मान घालून बसले होते. लहान लेकराला देव काही करत नसतो, असं कुणीतरी म्हणालं. मग टोपली आईपुढं ठेवली. ती तेव्हा परकर सावरत चालायच्या वयाची.

"म्याच उचलले, येक येक करून. मोठी मान्सं लांब हुबी. नदीत टाकले आन् घरी आले, तर माझी माय मला जवळ घिना. नुस्ती बघत बसायची, पोरीला ताप येतो का. घडीघडी कपाळाला हात लावायची. म्या बी वाट बघत व्हते, आता मला काय हुतंय." आई थांबली, बोटानं गणपतीच्या कानामागची काजळी पुसली. "काय बी झालं नाय. ताप नाय, खोकला नाय. तवापास्नं भ्याव गेलं माझं."

मुलगी आईच्या मांडीवरच्या गणपतीकडं बघत होती.

"ह्यानं नाय नेलं तुझं लेकरू," आई म्हणाली. "ह्यो पितळ हाय. लेकरं जात्यात, बाई. ह्याच्या आदी माझी दोन गेली," तिनं माझ्याकडं मान वळवली, "तवा तर आमच्या घरात कुठलाच देव नव्हता."

तेव्हा ती मुलगी रडली. खुर्चीशेजारी खाली बसून, तोंडाला ओढणी लावून, आवाज न करता बराच वेळ रडली. मी पाणी दिलं. आईनं एक हात तिच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्या हातानं मूर्ती धरून ठेवली होती. माझ्याआधीच्या त्या दोघांबद्दल मला माहीत होतं. पण घरात तो विषय निघत नसे, आणि तिनंही त्यांच्यासाठी असं रडून घेतलं होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मुलगी उठली, आईच्या पाया पडायला वाकली. आईनं तिला मध्येच धरलं आणि म्हणाली, पाया पडू नगं, जेवून घे घरी जाऊन.

ती गेल्यावर मी म्हणालो, "माय, आपल्याकडं देव परत घेत नाहीत. नियम आहे."

"तू कुठं घेतलाय? म्या घेतलाय."

बुद्ध तिनं पुढच्या दहा मिनिटांत पसंत केला. फार देखणा नव्हता, नाक जरा बसकंच होतं, पण समोर उभ्या असलेल्या माणसाकडं सरळ बघणारा होता. तो टेम्पोनं गावाला पाठवायचं ठरलं. गणपती तिनं स्वतःच्या पिशवीत टाकला, गोळ्यांच्या आणि चष्म्याच्या डबीशेजारी. गावाकडं त्याचं काय करणार, मी विचारलं. पेटीत ठिवते, म्हणाली, पितळ हाय, नासतंय थोडंच.

स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा गाडी लागायची होती. माझ्या मनात होतं ते मी विचारून टाकलं: दुकान कसं वाटलं?

"खरं सांगू? म्या जे भ्याव नदीत टाकून आले, त्ये तू किलोवर इकतो, असं वाटायचं मला."

"आणि आता?"

"आता बी तसंच वाटतंय."

गाडी आली. तिला खिडकीची जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी खालून हात केला, तशी तिनं काच सरकवली आणि वाकून म्हणाली, "परत अशी कुणी घाबरून आली, तर तिला नियम सांगत बसू नगं. बसवून घे, आन् मला फोन लाव. म्या येते पुढच्या गाडीनं."